पाणीवाले उंदीर

"हात पुढे कर. दोन्ही. तळवे वर."

साहेब बोलले आणि मी केले. दोन वर्षं तेच करत होते मी. ते बोलायचे, मी करायचे. प्राणीगृहाच्या दारातच उभी होते. समोर सात माणसं. साहेब, त्यांच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या वृंदा मॅडम, वरच्या मजल्यावरचे तीन केमिस्ट, ऑफिसातला एक कारकून आणि तावडेकाका. तावडेकाका माझ्याच कामावरचे, पण माझ्या पंधरा वर्षं आधी लागलेले.

साहेब स्वतः जवळ आले नाहीत. खिशातला रुमाल काढून नाकाशी धरला आणि वृंदा मॅडमना म्हणाले, "वास घे आणि सांग."

मॅडम वाकल्या. एक वीत अंतर ठेवून. माझ्या हातांकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

"येतो सर. माशाचा. तेलकट."

त्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार होता. मला उपास होता. घरी चुलीवर मासा चढलाच नव्हता. सकाळपासून पोटात दोन केळी आणि चहा. पिंजरे धुऊन झाल्यावर कार्बोलिक साबणाने कोपरापर्यंत हात धुतलेले. त्या हातांना येणार तर साबणाचा वास येणार, नाहीतर उंदरांच्या मुताचा. त्यांना मासा आला. नसलेला मासा आला.

"उंदरांच्या जखमांना मुशी माशाचं तेल लावलंस ना?"

"नाही सर."

"खोटं बोलू नकोस. तुमच्या लोकांत लावतात. मला माहीत आहे."

तुमच्या लोकांत.

एक केमिस्ट म्हणाला, "सर, पुढची लॅब कोळीवाड्यातच काढू या." दोघं हसले. तिसरा हसला नाही, पण बोललाही नाही. मग साहेब वळले, त्यांच्यामागे सगळे वळले. हात खाली घे असं मला कुणी सांगितलंच नाही. मी तशीच उभी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात. मी तर मागितले म्हणून दाखवले होते.

शेवटी तावडेकाका परत आले. "खाली घे गो हात," म्हणाले. "गेले ते."

मला लाज वाटली. हे आज लिहिताना सांगते, कारण तेव्हा मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. राग नंतर आला. आधी लाज. मी बाथरूममध्ये जाऊन स्वतःचे हात हुंगले. खरंच येतो का, ते बघायला.

मी वेसाव्याची. अंधेरीच्या पश्चिमेला समुद्रावर आमचा कोळीवाडा. बाप होडीवर, आई अंधेरीच्या बाजारात मासे विकायला. मी मॅट्रिक झाले आणि पूर्वेला मरोळच्या मागे एका औषध कंपनीत टेंपररी लागले. शेजारच्यांकडे रंगीत टीव्ही आला त्या साली. घरातली नोकरी करणारी मी पहिलीच. गल्लीतून निघाले की बायका म्हणायच्या, "आली बघ हापिसवाली." मी ऑफिसवाली नव्हते. उंदरांचे पिंजरे धुवायचे, खाली लाकडाचा भुसा पसरायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, प्रत्येकाचं वजन करायचं. पण त्या वेळी मला तो शब्द आवडायचा.

साहेबांचं संशोधन जखमेवरच्या औषधाचं होतं. पाहुणे आले की ते सांगायचे, तेच ऐकून ऐकून मला पाठ झालं. प्रथिनाचा अगदी छोटा तुकडा. निसर्गात तसाच मिळत नाही, वरच्या मजल्यावर केमिस्ट लोकांनी एकेक कडी जोडून बनवलेला. त्याचं नाव पेप्टाइड. मांस फाटलं, कातडी गेली, तर हे टोचल्यावर ती लवकर भरून येते का, ते बघायचं. काचेच्या इवल्या बाटलीत तळाला पांढरी भुकटी. फ्रिजला कुलूप. किल्ली साहेबांच्या पट्ट्याला.

उंदराला आधी गुंगी द्यायची. पाठीवरचे केस काढून रुपयाएवढी कातडी गोल कापायची. मग निम्म्या उंदरांना पेप्टाइड टोचायचं आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. दोघांची जखम कशी भरते ते ताडून बघायचं. रोज सकाळी मी प्रत्येक जखमेवर पारदर्शक प्लास्टिक ठेवायचे आणि पेनाने कड गिरवायचे. ते प्लास्टिक वृंदा मॅडम आलेखाच्या कागदावर ठेवायच्या आणि आतले चौकोन मोजायच्या. चौकोन कमी झाले म्हणजे जखम आटली.

पेप्टाइडवाल्यांना आम्ही औषधवाले म्हणायचो. दुसऱ्यांना पाणीवाले.

पहिल्याच दिवशी साहेबांनी मला सांगून ठेवलेलं. "औषधवाले एकेकटे ठेव. मोलाचं औषध आहे, एकमेकांना चाटून फुकट घालवायचं नाही. पाणीवाले टाक एकत्र. त्यांचं काय आहे?"

पिंजरे कमी होतेच. मी पाचपाच पाणीवाले एका पिंजऱ्यात टाकले. माझ्या वहीत लिहिलं, पाणीवाले एकत्र. ती वही म्हणजे सफाईची वही. मराठीत. कुठला पिंजरा कधी धुतला, कोण कुठे ठेवला, कोण मेला. दोन वर्षांत ती कुणी उघडून बघितली नाही.

पहिल्या खेपेला पेप्टाइडने कमाल केली. औषधवाल्यांच्या जखमा भराभर आटल्या. पाणीवाल्यांच्या चिघळत राहिल्या. दुसऱ्या खेपेलाही तेच. कंपनीत पेढे वाटले. मलाही एक मिळाला, कागदावर ठेवून, हाताला हात न लागता. साहेब दिल्लीला जाऊन निबंध वाचून आले. वरचे बडे साहेब लोक प्राणीगृह बघायला आले, तेव्हा मी कोपऱ्यात झाडू घेऊन उभी होते. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, माणसांवर कधी? साहेब म्हणाले, "पुढच्या वर्षी. पालिकेच्या हॉस्पिटलात, भाजलेल्यांच्या वॉर्डात. तिथे सोपं पडतं. तिथले लोक प्रश्न विचारत नाहीत."

मी ऐकलं आणि झाडू मारत राहिले. तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही. मीही प्रश्न विचारत नव्हते.

तिसऱ्या खेपेच्या आधी साकीनाक्याच्या वेल्डरकडून नवे पिंजरे आले. भरपूर. आणि मी एक गोष्ट केली. कुणाला न विचारता केली. गुन्हा म्हणायचा तर तेवढाच.

दोन खेपा मी बघत होते. एकत्र ठेवलेले पाणीवाले एकमेकांच्या जखमा कुरतडायचे. एकाची खपली धरायला लागली की दुसरा ती ओढायचा. सकाळी भुशात रक्त. आमच्या घरी आई चिंबोऱ्या, म्हणजे मोठे खेकडे, विकायला नेते तेव्हा एकेकीच्या नांग्या सुतळीने बांधते. बांधल्याशिवाय एका टोपलीत टाकल्या तर त्या एकमेकींचे पाय मोडतात, आणि पाय मोडलेली चिंबोरी गिऱ्हाईक हातात घेत नाही. वेसाव्यातल्या पोरीला हे शिकवावं लागत नाही. उंदरांच्या नांग्या बांधता येत नाहीत. पिंजरे होते. मी पाणीवाल्यांनाही एकेकटं केलं. वहीत लिहिलं, पाणीवाले वेगळे केले.

त्या खेपेला पाणीवाले औषधवाल्यांइतकेच भराभर बरे झाले.

मला आनंद झाला होता. वेडी मी! वृंदा मॅडमकडे प्लास्टिक देताना म्हणाले, "मॅडम, या वेळी पाणीवाले पण छान भरलेत." त्यांनी चौकोन मोजले, परत मोजले. मग कागद घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. आणि तो गुरुवार उजाडला, ज्या दिवशी मी दोन्ही हात पुढे केले.

त्यानंतर सगळं बदललं. गेटवर माझी पिशवी उलटी करून बघायला लागले. डबा उघडून बघायचे, बोट घालून. प्राणीगृहाच्या काचेपलीकडे कुणीतरी उभं असायचं. मी वळले की निघून जायचं. उंदराला हात लावण्याआधी मी आजूबाजूला बघायला लागले, खरा चोर बघतो तसं. तावडेकाकांशी बोलणं कमी केलं. हे त्यांना जाऊन सांगत असतील का? परत कुणावर पटकन विश्वास ठेवायची माझी सवय तिथे जी गेली, ती गेलीच.

घरी सांगितलं तर आई हातातली सुतळी ठेवून माझ्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "तू खरंच काय नाय ना केलंस गो?"

आईने असं विचारलं. मी जेवले नाही. साहेबांचं मला तेवढं लागलं नाही, जेवढं ते लागलं. कारण तोवर मीही तेच विचारत होते. माझ्या हाताला काही लागलं असेल? आदल्या दिवशी होडीला तेल देताना बापाला मदत केली होती का? नव्हती केली. नक्की? माझ्याच हातांवर मला संशय यायला लागला. त्यांनी खरं नुकसान केलं ते हे.

सोमवारी मी माझी वही काढून बसले. पहिल्या पानापासून. पहिली खेप, पाणीवाले एकत्र. दुसरी खेप, पाणीवाले एकत्र. तिसरी खेप, पाणीवाले वेगळे केले.

एकत्र होते तेव्हा चिघळले. वेगळे केले तेव्हा बरे झाले.

मी कितीतरी वेळ त्या तीन ओळी बघत बसले. मग कळलं. औषधाने काहीच केलं नव्हतं. औषधवाले बरे झाले कारण ते सुखात एकटे होते. पाणीवाले सडले कारण त्यांना कोंबलं होतं. ज्यांना किंमत नाही त्यांना आधी एका खुराड्यात कोंबायचं. मग म्हणायचं, बघा, हे कसे आहेत. मला हसू आलं. मग रडू आलं. बारा माणसांच्या एका खोलीत मी लहानाची मोठी झाले होते. तुमच्या लोकांत असंच असतं, हे ऐकतच.

वही घेऊन मी वृंदा मॅडमकडे गेले. त्या माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या, पार्ल्याच्या, बोलायला मऊ. मला वाटलं बाईमाणूस आहे, समजेल. त्यांनी तिन्ही ओळी वाचल्या. आणि त्यांचा चेहरा उतरला. समजलं होतं त्यांना. माझ्याहून लवकर समजलं.

"हे कुणाला दाखवलंस?"

"कुणाला नाही."

"दाखवू नकोस. अगं, त्या निबंधावर माझं पण नाव आहे."

"पण मॅडम, त्या दिवशी माझ्या हाताला वास येत होता का? खरं सांगा."

त्या खिडकीकडे बघायला लागल्या. "सरांनी विचारलं होतं ना," म्हणाल्या. एवढंच.

दुसऱ्या दिवशी वही जागेवर नव्हती. फडताळ बघितलं, भुशाची पोती हलवली, कचऱ्याचा डबा उपसला. कुणी नेली ते मला आजही माहीत नाही. मॅडमनी? साहेबांनी? तावडेकाकांनी? तिघांनाही विचारलं. तिघंही म्हणाले, कसली वही?

शनिवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आत वृंदा मॅडम आणि तावडेकाका आधीच उभे. साक्षीदार म्हणून. उंदराला मांजर साक्ष. टेबलावर दोन कागद. एक माझ्या कायम नोकरीचं पत्र, साहेबांची सही राहिलेलं. दुसरा टाइप केलेला, मराठीत, माझ्यासाठी.

मी वाचला. त्यात होतं: "मी माझ्या मनाने, कोणासही न सांगता, पाण्याच्या गटातील उंदरांच्या जखमांना घरगुती तेल लावले. त्यामुळे तिसऱ्या प्रयोगाचे निष्कर्ष ग्राह्य धरू नयेत. मला याचा पश्चात्ताप होत आहे."

"सही कर," साहेब म्हणाले. आवाज गोड होता. "चूक कुणाकडूनही होते. मी मोठ्या मनाने सोडून देतोय. तू इथे केलीस की मी इथे करतो. पहिल्या दिवसापासून कायम धरीन तुला."

तावडेकाका हळूच म्हणाले, "करून टाक गो सही. तुजा काय जाता?"

माझं काय जातं. खरंच, मी मोजलं. कायम नोकरी. घरी आईच्या तोंडावर फेकायला एक पत्र. गल्लीत मान. आणि जाणार काय? एक ओळ. मी तेल लावलं. उंदरांना काय फरक पडतो, ते तर कधीच मेलेले. पेन माझ्या हातात होतं. टोपण काढलेलं. मी काही शूर नाही. अजून थोडा वेळ कुणी बोललं नसतं तर कदाचित केली असती सही.

साहेबच बोलले. घड्याळ बघून म्हणाले, "चल आटप. हॉस्पिटलवाल्यांचा फोन यायचाय."

हॉस्पिटल. भाजलेल्यांचा वॉर्ड. तिथले लोक प्रश्न विचारत नाहीत.

तिथे कोण असतं ते मला माहीत होतं. स्टोव्ह भडकून भाजलेल्या बायका. आमच्या गल्लीतली एक होती, तीन आठवडे होती, मग गेली. तसल्या बायकांना हे लोक हे टोचणार. किंवा पाणी टोचणार. आणि माझ्या सहीचा कागद फाइलमध्ये खाली असणार, की हे औषध चालतं, मध्ये फक्त एका कोळणीने घोळ घातला.

मी टोपण लावलं.

"सर, पहिल्या दोन वेळी पाणीवाले एकत्र होते. तिसऱ्या वेळी मी वेगळे केले. हे कुठे लिहिलंय का?"

मॅडम जमिनीकडे बघत होत्या.

"तू मला प्रयोग शिकवणार?"

"नाही सर. मी पिंजरे धुते. पण पिंजरे मीच धुते, म्हणून मला माहीत आहे."

"शिक्षण किती तुझं?"

"मॅट्रिक."

"मग?"

"मग वाचता येतं. हा कागद खोटा आहे."

साहेब खुर्चीत मागे रेलले. मी थांबले नाही. थांबले असते तर परत तोंड उघडलं नसतं.

"परत करा ना प्रयोग. सगळे वेगळे ठेवा. मला लांब ठेवा, हातही लावत नाही मी. कुलूप घाला. तुमचं औषध खरं असेल तर दिसेलच की."

"त्याची गरज नाही," साहेब म्हणाले.

त्या तीन शब्दांनी मला सगळं सांगितलं. माझ्यावर ज्याला खरंच संशय आहे तो माणूस म्हणेल, करू, आणि तुला खोटी पाडू. यांना माझ्यावर संशय नव्हताच. माझ्या हातांना वास नव्हता हे यांना माहीत होतं. यांना फक्त वास येणारे हात हवे होते. कोळ्याच्या पोरीचे. कारण त्यावर कुणीही विश्वास ठेवला असता. माझ्या आईनेसुद्धा जवळजवळ ठेवलाच होता.

"सही नाही करणार," मी म्हणाले.

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"उद्या रविवार आहे सर. सोमवारपासून नाही येणार. आणि तेल लावलं असं कुठे लिहिलंत, तर मी पण लिहीन."

तावडेकाका गेटपर्यंत आले. त्यांना पोरंबाळं होती. मी त्यांना माफ केलेलं नाही, पण त्यांचं मला कळतं. मॅडमचं कळत नाही.

घरी गेले. आईला सरळ सांगितलं, नोकरी गेली, तेल मी लावलं नव्हतं, आणि तू परत तसं विचारायचं नाहीस. ती म्हणाली, "सही मागितलेली का?"

"हो."

"नाय ना दिलीस?"

"नाय."

"मंग बस," म्हणाली आणि पाटा धुवायला घेतला. माफी तिने मागितली नाही. आमच्यात मागत नाहीत. पण त्यानंतर बाजारात कुणी विचारलं की पोरीची नोकरी का गेली, तर माझ्याआधी तीच भांडायला उठायची.

त्यांनी लिहायची वाट न बघता मी लिहिलं. वही गेली होती, तारखा गेल्या होत्या, जे आठवत होतं ते लिहिलं. कोण एकत्र, कोण वेगळे, भुशात रक्त, सगळं. वाकड्यातिकड्या अक्षरात चार प्रती काढल्या. एक कंपनीच्या मोठ्या साहेबांना. दोन त्या हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांना, एक पोचली नाही तर दुसरी पोचावी म्हणून. एक माझ्याजवळ. कुणाचं उत्तर आलं नाही. कंपनीतून एक माणूस मात्र आला, गोड बोलून चौथी प्रत मागायला. मी दिली नाही. चहासुद्धा दिला नाही.

आता मी आईबरोबर बाजारात बसते. लोक म्हणतात, फुकट गेली नोकरी, मुकाट सही करायची होतीस. त्यांना काय सांगायचं? मला काही मिळालं नाही. साहेबांचं काही बिघडलं नाही. ते पुढच्या केबिनमध्ये गेले, आणखी मोठ्या. खरं बोललं की न्याय मिळतो, असं मला कुणी सांगितलं तर मी त्याच्याकडेही संशयाने बघते.

पण दर आठवड्याला एकदा मी बाजार उरकून त्या हॉस्पिटलात जाते. भाजलेल्यांच्या वॉर्डाच्या बाहेर बाकडं आहे, तिथे बसते. वॉर्डातल्या आयाबाया आता ओळखतात मला. अजून ते औषध तिथे आलेलं नाही. येईल त्या दिवशी मी तिथे असणार. पेशंटच्या नवऱ्याला, आईला, बहिणीला, दारातून आत जाणाऱ्या एकेकाला धरून विचारणार, तुझ्या माणसाला काय टोचतायत ते सांगितलं का तुला? विचारलं का? नाही ना? मग त्यांनी पुढे केलेल्या कागदावर अंगठा उठवू नकोस. आधी विचार. हाकललं तर मला हाक मार, मी येते आणि मी विचारते.